जेल नको हे बरोबर, पण मेंटल हॉस्पिटल पण नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार,

कच्च्या कैद्यांवरचा तुमच्या पेपरातला लेख वाचला. आपल्या जेलमधल्या चारातल्या तिघांवर अजून गुन्हा सिद्धच झालेला नाही हे त्यात आलंय आणि ते खरंच आहे (२०२२ च्या सरकारी अहवालात साधारण ७६ टक्के). पण आपल्याला आत का टाकलंय हेच ज्याला कळत नाही अशा माणसाबद्दल त्या लेखात एक ओळ पण नव्हती. मी बौद्धिक दिव्यांग मुलांची विशेष शिक्षिका, आता मोठ्या मुलांच्या कार्यशाळेत असते, मुलं म्हणजे तिशी-पस्तिशीचे बाप्ये पण आम्ही मुलंच म्हणतो, म्हणून लिहायला बसले.

ही मुलं गुन्हे करतच नाहीत असं मी म्हणणार नाही. करतात. त्याहून जास्त वेळा दुसऱ्याच्या गुन्ह्यात सापडतात. आमच्याकडच्या एकाला गल्लीतल्या पोरांनी चोरीची गाडी धरून उभं केलं, थांब इथं, आम्ही आलोच, मग तुला वडापाव. पोलिस दिसल्यावर पोरं पळाली, हा थांबला, कारण त्याला थांब म्हणून सांगितलेलं. स्टेशनात विचारलं गाडी तू आणलीस का, हो. एकटाच होतास का, हो. कुणी सांगितलं होतं का, हो. शेवटचा हो कुणी लिहून घेतला नाही. वर हा हसत होता म्हणून निर्ढावलेला आहे असं म्हणून दोन कानाखाली बसल्या त्या वेगळ्याच. आमचा मुलगा घाबरला की हसतो हो, आणि स्वमग्न मुलगा असेल तर तो डोळ्यात बघत नाही, विचारलेलाच प्रश्न परत म्हणतो, अंगाला हात लावला की झटकतो, मग सरकारी कामात अडथळा आणला म्हणून अजून एक कलम.

आमच्या कोर्समधे सुरुवातीलाच शिकवतात की या मुलाला हो-नाहीचा प्रश्न विचारायचा नाही, काय झालं ते करून दाखव म्हणायचं, चित्र द्यायचं. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही हे मला माहितीय, पण आरोपीनं काढून दिलेली वस्तू चालते, आणि आमचा मुलगा तुम्ही बोट दाखवाल ती वस्तू काढून देतो.

आता गंमत बघा. हाच मुलगा साक्षीदार असता तर पोलिसांनी त्याच्या घरी जाऊन विचारपूस करायची असा कायदा आहे, स्टेशनला बोलवायचं नाही. दिव्यांग मुलीवर अत्याचार झाला तर तिचा जबाब घेताना विशेष शिक्षक किंवा दुभाषा बसवायचा, व्हिडिओ काढायचा, हे २०१३ पासून आहे आणि चांगलंच आहे. पण आरोपी झाला की स्टेशनात यातलं काही नाही. बुद्धी तीच, समज तीच, फक्त टेबलाची बाजू बदलली. इंग्लंडमधे १९८४ च्या पोलिस कायद्यापासून अशा संशयिताशेजारी एक जाणता माणूस बसवल्याशिवाय चौकशी करत नाहीत, आपल्याला त्याला काय मोठा खर्च येणार आहे?

पुढं कोर्टात गेल्यावर म्हणजे उशीरा का होईना पण सोय आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी केस कशी चालवायची त्याचा कायदा) ३६७ पासून पुढची कलमं यासाठीच आहेत, जुन्या कायद्यात ३२८ पासून होती, मॅजिस्ट्रेटला शंका आली तर सिव्हिल सर्जनकडून तपासून घ्यायचं, मग मानसोपचार तज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. पण शंका यायला पाहिजे ना! मुलगा चालतो बोलतो, नाव सांगतो, साहेबांना नमस्कार करतो. रिमांडला दोन मिनिटं उभा असतो, मारहाण झाली का, नाही, काही तक्रार आहे का, नाही. आणि शंका आलीच तर सगळ्यांच्या डोक्यात एकच जागा येते, मेंटल हॉस्पिटल. आपल्याकडची जुनी चार, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. तिथं मनोरुग्ण असतात, त्यांना गोळ्या लागू पडतात, बरे होऊन घरी जातात. आमच्या मुलाला गोळी देऊन काय बरं करणार, त्याची वाढच तेवढी झालीय, त्याला आजार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तर मानसिक आजाराच्या व्याख्येतून मतिमंदत्व स्पष्ट बाहेर ठेवलंय. म्हणजे जेल म्हणतं हा वेडा आहे, हॉस्पिटल म्हणतं हा आमचा पेशंट नाही. कायद्यात असंही आहे की सोडता येत नसेल तर अशा आरोपीला निवासी संस्थेत ठेवून काळजी आणि योग्य शिक्षण-प्रशिक्षण द्यावं, २००८ च्या दुरुस्तीत आलं ते. वाचून मला तर आनंदच झालेला. पण आमच्या जिल्ह्यात तरी अशी एक पण संस्था नाही, आणि जिथं आरोपी म्हटल्यावर घ्यायला तयार होतील अशी तर नाहीच नाही.

आणि शिक्षेऐवजी उपचार म्हणणाऱ्यांनी आसामच्या मचांग लालुंगची गोष्ट विसरू नये. १९५१ मधे पकडला, फिट यायच्या म्हणतात, तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवला. १९६७ मधे डॉक्टरांनी कळवलं की हा ठीक आहे, तर घरी न पाठवता जेलमधे पाठवला. २००५ मधे सुटला. चोपन्न वर्षं, आणि खटला चाललाच नाही! शिक्षा झाली असती तर कधीच भोगून बाहेर आला असता. म्हणून उपचार म्हणा, प्रशिक्षण म्हणा, त्याला शेवटची तारीख पाहिजे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात अशा आरोपीची केस थांबवून त्याला रीजनल सेंटरच्या (म्हणजे बौद्धिक दिव्यांगांना सेवा देणाऱ्या केंद्राच्या) कार्यक्रमात घालतात, जास्तीत जास्त दोन वर्षं, नीट पूर्ण केला की केस बंद. आधी किरकोळ गुन्ह्यांनाच होतं, २०२१ पासून बऱ्याच मोठ्या गुन्ह्यांना पण लागू केलंय, सगळ्या नाही.

मोठे गुन्हे म्हटलं की लोक लगेच विचारतात की याने पोरीच्या अंगाला हात लावला तर? रास्त प्रश्न आहे, आणि मतिमंद आहे हो, सोडून द्या असं मी त्या पोरीच्या आईला कधीच सांगणार नाही. याचं वय तीसचं पण बुद्धी सातची म्हणून त्याला लहान मूलच धरा, हे पण मला पटत नाही (पीडितेच्या बाबतीत मानसिक वय धरायला सुप्रीम कोर्टानं २०१७ मधे नकार दिला होता). पण विचार करा, आम्ही शाळेत मुलींना चांगला स्पर्श वाईट स्पर्श शिकवतो, मुलांना कोण शिकवतं? वयात आला की आईबाप लाजेनं घरात कोंडतात किंवा देवाला नेतात, काहीजण मला सांगतात की लग्न लावून देऊ, होईल नीट, म्हणजे अजून एका पोरीचं वाटोळं. कुठं काय चालतं, कुणाला विचारायचं, कुणाच्या किती जवळ उभं राहायचं हे रोज तेच तेच करून घेतलं तर बहुतेक मुलं शिकतात, सोबत कुणीतरी लक्ष ठेवायला लागतं, वेळ लागतो पण शिकतात. बराकीत काय शिकणार? तिथं त्याच्यावरच काय होतं ते तो सांगू पण शकत नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. अटक झाली की नावपत्त्याबरोबर एवढं विचारा, शाळा कुठली, दिव्यांग कार्ड आहे का, सही करता येते का, सुटे पैसे मोजता येतात का. उत्तर संशयास्पद वाटलं तर जबाब थांबवून विशेष शिक्षकाला बोलवा. दिव्यांगाला फुकट वकील मिळायचा हक्क आहेच, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणानं वकिलांच्या पॅनलसारखंच विशेष शिक्षकांचं पॅनल करावं आणि नंबर प्रत्येक स्टेशनात लावावा. आमच्या जिल्ह्यातल्या आम्ही काही शिक्षिका नावं द्यायला तयार आहोत, रात्री पण येऊ, फक्त गाडीभाडं कोण देणार ते आधी ठरवा.

- एक विशेष शिक्षिका, पश्चिम महाराष्ट्र