पाटीवरचा नंबरच वायफायचा पासवर्ड!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वडगावात आमची पिठाची गिरण आहे. घरी फायबरचं नेट घेतलं तेव्हा जोडणीला आलेल्या मुलानं विचारलं, "काकू, मोबाईल नंबर सांगा." मी सांगितला. त्यानं तोच वायफायचा पासवर्ड करून टाकला आणि पुढच्या घरी गेला. हाच नंबर गिरणीच्या पाटीवर वीतभर आकड्यांत रंगवलेला आहे, हे ना त्याच्या ध्यानात आलं, ना माझ्या.

पुढं संध्याकाळचं नेट रांगायला लागलं. नातीच्या अभ्यासाचा व्हिडिओ नुसता गोल फिरायचा. कंपनीला फोन केला की एकच उत्तर, "राऊटर बंद करून चालू करा." शेवटी पुण्याहून भाचा आला. राऊटरच्या पोटाखाली चिठ्ठी असते, तिच्यावर 192.168.1.1 असा पत्ता होता. तो मोबाईलवर टाकून त्यानं सेटिंगचं पान उघडलं. आत शिरायला नाव 'ॲडमिन' आणि पासवर्डही 'ॲडमिन'. म्हणजे तिथंही आनंदच! आमच्या घरात चार मोबाईल आणि एक टीव्ही. जोडलेल्यांच्या यादीत चौदा.

भाच्यानं दोन्ही पासवर्ड बदलले. वायफायचा वेगळा, सेटिंगच्या पानाचा वेगळा. हे दोन असतात, हे मला त्या दिवशी कळलं. वायफायचा किमान 8 अक्षरांचा लागतो, 63 पर्यंत चालतो. आम्ही आईच्या एका ओवीतले चार शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून मध्ये आकडे घातले. मग घरातलं प्रत्येक यंत्र नव्यानं जोडावं लागलं. टीव्हीच्या रिमोटनं एकेक अक्षर टिपताना अर्धा तास गेला, आणि दोनदा चुकलं ते वेगळंच.

एवढ्यात समोरच्या वहिनी दारात. "काकू, तुमचं नेट गेलंय काय हो?" मी "नाही बाई" म्हटलं आणि दोघीही गप्प. मागितलं असतं तर दिलंही असतं. पाहुण्यांसाठी वेगळं 'गेस्ट' वायफाय बऱ्याच राऊटरमध्ये असतं, ते आता त्यांना चालू करून दिलंय.

पण चौदातले बाकीचे कोण होते, हे मला अजून माहीत नाही, आणि खरी काळजी तीच आहे. 2008 साली अहमदाबादच्या स्फोटांआधीचा धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या वायफायवरून गेला होता. चौकशी सुरू झाली ती त्या घरात राहणाऱ्या माणसाची. कारण जोडणी ज्याच्या नावावर, पोलीस आधी त्याच्याच दारात येणार.

म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या नेटवाल्यांना एवढंच सांगणं आहे. जोडणी देताना पासवर्ड ग्राहकालाच टाकायला लावा, सेटिंगच्या पानाचाही. तो पुढं कसा बदलायचा, याचा एक कागद हातात द्या. रीसेटचं बारीक भोक सुईनं दाबलं तर कंपनीनं भरलेली माहितीही पुसली जाऊन नेटच बंद पडू शकतं, हेही त्यात लिहा. आमच्या शेजारी तसंच झालं आणि दोन दिवस कोणी फिरकलं नाही. कागद मराठीत की कानडीत, यावर इथं आणखी एक वाद नको. दोन्हीत छापा.

आपली,
एक गिरणीवाली, वडगाव, बेळगाव