हजान काका, त्या एका ग्लाससाठी

शालोम हजान काका,

किप्पुर, आपला ज्यूंचा पाणीही न पिता करायचा पूर्ण दिवसाचा उपास, होऊन आठवडा झाला, पुढचा सुक्कोतचा सणपण लागला, तरी माझं मन अजून त्याच दिवसात अडकलंय म्हणून आपल्या सिनेगॉगची प्रार्थना चालवणाऱ्या तुम्हाला लिहितेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण मला जे ऐकून घ्यावं लागलं होतं तेपण चारचौघांतच होतं.

तीन वर्षांपूर्वी मी विचारलं होतं, मनाच्या आजारावरचं लिथियम चालू आहे, डॉक्टर म्हणतात पाणी तोडायचं नाही, मग उपासाचं काय? उत्तर मिळालं, शुगरवाल्यांचं वेगळं, तुझं सगळं डोक्यातलं आहे, एक दिवस देवापुढे बस, बरं वाटेल. बसले मी. अंगातलं पाणी कमी झालं की लिथियम रक्तात साठत जातं, हे उत्तर देणाऱ्यांना माहीत नसेल एकवेळ, पण तुला काय होतं गं, एवढंही कोणी विचारू नये? उपास सुटल्याचं शिंग, शोफार, वाजायच्या आधी मी ॲम्ब्युलन्समध्ये होते. पुढची दोन वर्षं पाणी प्यायले, पण बाथरूममध्ये, नळ सोडून, चोरासारखी. आजी किप्पुरला दारफळणीचा, म्हणजे दारं लावून घ्यायचा, सण म्हणायची, मीपण दार लावत होते, पण कुठलं ते बघा.

यंदा तुम्ही वाद घातला नाहीत. आपल्या धर्मगुरूंना, रावांना, विचारून आलात आणि म्हणालात, पोरी, गेमारात, आपल्या शास्त्रात, योमा या भागातच आहे, डॉक्टर नको म्हणाला आणि आजारी म्हणाला मला हवं, तर आजाऱ्याचं ऐकायचं, कारण ज्याच्या जिवाचं दुःख त्याच्याच मनाला ठाऊक, आणि तुझा तर डॉक्टरपण हो म्हणतोय. घोट मोजून प्यायचं माप असतं ना, तेपण तुला नको, पोटभर पी.

पण खरं सांगू, मला आठवतो तो दुपारचा ग्लास. मुसाफच्या प्रार्थनेनंतर तुम्ही पुस्तकांच्या खोलीत आलात, तिथे माझ्यासाठी खुर्ची आणि पांढऱ्या फडक्याने झाकलेला पाण्याचा जग आदल्या दिवसापासून ठेवलेला. तुमचे ओठ सुकून फाटलेले, आवाज बसलेला, आणि तुम्ही स्वतःच्या हाताने पाणी ओतलंत, ग्लास दोन्ही हातांनी धरून दिलात, "सावकाश" म्हणालात, आणि तो रिकामा होईपर्यंत शेजारी बसून राहिलात. दार सताड उघडं. बाहेरून लोक जात होते, बघत होते, तुम्ही उठला नाहीत.

शास्त्र पाठ असणारी माणसं मी खूप बघितली काका, पण स्वतः तहानलेलं असताना दुसऱ्याला पाणी पाजणारं माणूस पहिल्यांदाच बघितलं. खूप खूप आभार.

पुढच्या वर्षी पाण्याचा जग मी भरून ठेवते. खुर्ची तेवढी तिथेच असू द्या.

तुमची,
मागच्या रांगेतली पोरगी