फोर्ट नॉक्सहून परतल्यावर

लुईव्हिल, केंटकी

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

रणगाड्याचे शिक्षण देणारा उस्ताद म्हणून तुझी नेमणूक झाल्याचे काल फोनवर कळले तेव्हा मला फारसे बोलता आले नाही. जे बोलायचे राहिले ते लिहून पाठवतो. योगायोग असा की त्याच्या दोनच दिवस आधी ताईने मला फोर्ट नॉक्स या लष्करी तळावर नेले होते. तिच्या घरापासून ते ठिकाण सुमारे ५५ किलोमीटरवर आहे. हमरस्त्यावरून सरकारी सोन्याची ती प्रसिद्ध तिजोरी दिसते आणि बहुतेक प्रवासी तिच्यासाठीच गाडीचा वेग कमी करतात. मी मात्र ज्या टेकड्यांवर दुसऱ्या महायुद्धात हजारो तरुण रणगाडा चालवायला आणि त्यातून लढायला शिकले, त्या टेकड्या पाहत होतो. चिलखती दलाची शाळा २०११ पर्यंत इथून जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंगला गेली आणि संग्रहालयातले बहुतेक रणगाडेही तिकडेच गेले. तरीही नगरच्या के. के. रेंज या रणगाड्यांच्या सराव-मैदानावर आयुष्याची उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला ती जमीन ओळखीची वाटली.

अमेरिकेचे चिलखती दल १० जुलै १९४० रोजी इथे उभे राहिले. फ्रान्स पडून तीन आठवडेही झाले नव्हते. जर्मन रणगाड्यांनी काय केले ते साऱ्या जगाने पाहिले होते आणि अमेरिकेकडे तेव्हा शिकवण्यापुरतेसुद्धा रणगाडे नव्हते. पुढच्या वर्षीच्या युद्धसरावांत ट्रकवर ‘रणगाडा’ अशी पाटी लावून काम भागवावे लागले, आणि तोफांच्या जागी लाकडाचे ओंडके ठेवलेलेही लोकांनी पाहिले. दलाचे पहिले प्रमुख जनरल ॲडना चॅफी घोडदळातून आलेले होते. घोड्यांचे दिवस संपले हे घोडदळातच राहून सांगण्याचे धैर्य त्यांनी दाखवले होते. ऑगस्ट १९४१ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ज्या युद्धासाठी त्यांनी हे दल उभे केले त्यात त्यांचा देश अजून उतरलाही नव्हता. मला त्यांच्याविषयी विलक्षण आदर वाटतो.

नंतर शेरमन आला. हा रणगाडा तुला परका नाही. १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या मेकटिलाच्या लढाईत आपल्या प्रोबिन्स हॉर्स आणि रॉयल डेक्कन हॉर्स या रेजिमेंटांकडे शेरमनच होते, आणि १९६५ च्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात पंजाबातल्या असल उत्तरला डेक्कन हॉर्स शेरमन घेऊनच उभी राहिली. आत माणसे पाच: कमांडर, तोफ डागणारा गनर, तोफेत गोळे भरणारा लोडर, ड्रायव्हर आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसून पुढची मशीनगन सांभाळणारा त्याचा मदतनीस. या पाच जणांना एकमेकांच्या जागा बदलून कवायत करावी लागे, कारण गनर जखमी झाला तर तोफ थांबून चालत नाही. जखमी माणसाला टरेटमधून, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजातून, किंवा खालच्या दारातून बाहेर कसे काढायचे याचीही स्वतंत्र कवायत असे. ही कवायत मनापासून करून घे. ती कंटाळवाणी वाटते, अवघड जागेत पाठ खरचटते, म्हणून मुले ती हसण्यावारी नेतात. तू नेऊ देऊ नकोस.

एका गोष्टीविषयी मला सविस्तर लिहायचे आहे. बऱ्याच शेरमनमध्ये मुळात विमानासाठी बनवलेले गोल रचनेचे इंजिन होते. ते काही वेळ बंद राहिले की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साठे आणि तशा स्थितीत स्टार्टर दाबला तर आतला दांडा वाकण्याची भीती असे. म्हणून सुरू करण्यापूर्वी क्रूने मागे जाऊन हाताने हँडल मारायचे, तेही दोनचार वेळा नव्हे, तर पन्नासएक फेरे. केंटकीच्या थंडीत, पहाटेच्या अंधारात, झोप मोडून हे काम करणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना ते शिक्षेसारखे वाटत असेल. त्यांच्या उस्तादाने तेल कुठे जाते आणि दांडा का वाकतो हे उघडलेल्या इंजिनावर दाखवले असेल, तर तीच मुले पुढे लढाईतही फेरे पूर्ण करतील. दाखवले नसेल, तर उस्तादाची पाठ फिरताच फेरे कमी होतील. कारण ठाऊक असलेला हात आळस करत नाही, हे मी तीस वर्षे पाहिले आहे.

याची दुसरी बाजूही याच रणगाड्यात सापडते. शेरमनला तोफ वरखाली हलू न देणारे जायरो यंत्र बसवलेले होते. चालत्या रणगाड्यातून नेम धरण्यास मदत करणारी अशी सोय त्या काळी फारच थोड्या सैन्यांकडे होती. पण ते नीट जुळवावे लागे, वापरण्याचा सराव लागे आणि तो सराव पुष्कळ क्रूंना मिळालाच नाही. परिणामी अनेकांनी ते बंद करून ठेवले. ज्यांना ते नीट शिकवले गेले त्यांना ते आवडले. कारखान्याने दिलेली वस्तू शाळेने पोचवली नाही, असेच मी याला म्हणेन, आणि याचा दोष मी क्रूला देणार नाही.

मार्च १९४१ मध्ये ९८ कृष्णवर्णीय सैनिक रणगाड्यांचे शिक्षण घेण्यासाठी फोर्ट नॉक्सला आले. सैन्य वर्णानुसार विभागलेले होते आणि हे लोक रणगाडा हाताळू शकणार नाहीत असे मानणारे अधिकारी कमी नव्हते. पुढे १ एप्रिल १९४२ रोजी लुइझियानातल्या कॅम्प क्लेबोर्नला ७६१ वी टँक बटालियन उभी राहिली आणि नंतर ती टेक्सासमधल्या कॅम्प हूडला गेली. गोऱ्या बटालियन्स शिकून समुद्रापार जात होत्या आणि ही माणसे दोन वर्षांहून अधिक काळ सरावच करत राहिली. रणगाडाविरोधी तुकड्यांना सरावासाठी शत्रू हवा असे, तेव्हा तो यांनी व्हायचे. छावणीच्या बसमध्ये मागे बसण्यास नकार दिल्यावरून याच बटालियनमधल्या लेफ्टनंट जॅकी रॉबिन्सन यांच्यावर १९४४ मध्ये लष्करी खटला चालला. ते निर्दोष सुटले. पुढे बेसबॉलमधला वर्णभेद मोडणारे रॉबिन्सन ते हेच. नोव्हेंबर १९४४ मध्ये बटालियन फ्रान्समध्ये लढाईत उतरली आणि १८३ दिवस आघाडीवर राहिली. सार्जंट रूबेन रिव्हर्स पायाला गंभीर जखम झाली असतानाही मागे जाण्यास नकार देऊन तीन दिवस रणगाडा लढवत राहिले आणि १९ नोव्हेंबरला मारले गेले. त्यांना मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले ते १९९७ साली. त्या लोकांना जे भोगावे लागले ते वाचताना मला संताप आला, आणि त्यांचा अभिमानही वाटला. तुझ्या वर्गात कोणत्याही गावचा, कोणत्याही जातीचा, अडखळत बोलणारा मुलगा येईल. त्याच्याविषयी कोणी आधी काय सांगितले ते बाजूला ठेवून त्याला शिकव.

त्याच हिवाळ्यात बेल्जियममधल्या आर्डेन्सच्या लढाईत आणि तिच्या आसपास रणगाडे नवे मिळत होते, पण शिकलेली माणसे पुरत नव्हती. फोर्ट नॉक्सला नव्या सैनिकाचा अभ्यासक्रम १७ आठवड्यांचा होता. आघाडीवर मात्र काही ठिकाणी पायदळातल्या सैनिकांना काही तासांत जुजबी माहिती देऊन रणगाड्यात बसवण्यात आले. यातली किती मुले पहिल्याच दिवशी गेली असतील, या विचाराने त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

आता मी तुला आजवर न सांगितलेली गोष्ट सांगतो. नगरला येण्यापूर्वी, उस्ताद म्हणून नवा असताना, दिवस मावळत आला म्हणून मी लोडरची एक कवायत आटोपती घेतली होती. दुसऱ्या दिवशी गोळीबारात त्या मुलाचा हात ब्रीचच्या, म्हणजे तोफेच्या गोळा भरायच्या मागच्या भागाच्या, मागे राहिला आणि तोफेच्या झटक्याने मनगट मोडले. चौकशीत कोणी मला दोष दिला नाही. तो मुलगा मात्र मला भेटला तेव्हा म्हणाला, “उस्ताद, माझंच चुकलं.” त्याचे चुकले नव्हते. मी त्याला त्याच दिवशी तसे सांगायला हवे होते आणि मी गप्प राहिलो. तो पुढे चांगला गनर झाला, पण मी गप्प राहिलो ते राहिलोच.

तुझ्या आईचा गुडघा आता बरा आहे. ताई आम्हांला रोज संध्याकाळी फिरायला नेते. पुढच्या महिन्यात आम्ही परत येऊ. तोपर्यंत तुझ्या पहिल्या तुकडीत किती मुले आहेत, त्यांना पहिल्या आठवड्यात तू काय शिकवलेस आणि लोडरच्या कवायतीला किती तास ठेवलेस, ते मला सविस्तर लिही. माझ्या जुन्या वह्या नगरच्या घरी वरच्या पेटीत आहेत. निळ्या वहीत जागा बदलण्याच्या कवायतीचा क्रम लिहिलेला आहे, तो उतरवून घे.

तुझे बाबा