अठराव्या वाढदिवसाला मदत बंद का?

महोदय,

भाऊ-भावजय गेल्यापासून भाचा माझ्याकडेच आहे. बालगृहासारख्या संस्थेऐवजी कुटुंबात वाढणाऱ्या मुलांसाठी असलेल्या सरकारी बालसंगोपन योजनेत त्याला दरमहा 1100 रुपये मिळायचे, 2023 मध्ये सरकारने ते 2250 केले. ही वाढ मोलाचीच. पण पैसे महिन्याच्या महिन्याला येत नाहीत. कधी एकदम जमा होतात, तोवर किराणा उधारीवर. बँकेत पासबुक भरून आणलं की पोरगा आधी शेवटची ओळ बघतो. मला ते बघवत नाही.

आता तो बारावीत आहे. ऑक्टोबरमध्ये अठरा पूर्ण होतील आणि मदत थांबेल. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत! बाल न्याय अधिनियम, 2015 म्हणतो की मूल संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. तोच कायदा संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांना 21 वर्षांपर्यंत अनुरक्षणाचा, म्हणजे स्वतःच्या पायावर उभं राहण्यासाठीचा, आधार देतो. तो त्यांना मिळायलाच हवा. मग नातेवाइकांकडे वाढलेल्या पोरांना का नाही? निदान चालू शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत तरी मदत सुरू ठेवावी, अशी महिला व बालविकास खात्याला माझी कळकळीची विनंती आहे.

– एक आत्या, जि. लातूर