आरोग्यमंत्री महोदय, ऑपरेशन मुंबईत होतं. व्यायाम गावातच करावा लागतो

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी कुडाळ तालुक्यातला कबड्डीपटू. चढाईला जायचो. एका रात्रीच्या सामन्यात बोनस घेऊन परत फिरलो, बुटाचा तळ मॅटला धरून राहिला, अंग वळलं आणि गुडघा जागच्या जागी राहिला. ‘टक्’ असा आवाज कोपऱ्यावरच्या पोरानेही ऐकला. सामना संपायच्या आत गुडघा नारळाएवढा झाला होता.

पुढे जे झालं ते आमच्याकडे बहुतेक खेळाडूंचं होतं. ‘मुको मार आसा, तेल लाव, बरा होतला.’ मग हाडवैद्य, मालीश, पट्टा. एका सरकारी रुग्णालयात एक्स-रे काढला आणि हाड शाबूत आहे म्हणून घरी पाठवलं. हाड शाबूत होतंच. फाटलं होतं ते हाडं बांधून ठेवणारं आतलं लिगामेंट, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, आणि ते एक्स-रेत दिसत नाही. एमआरआय नंतरची गोष्ट. पहिला संशय यायला यंत्र लागतच नाही. गुडघा थोडा वाकवून जाणत्या डॉक्टरने नडगी पुढे ओढून पाहिली की सैलपणा हाताला कळतो. माझ्या गुडघ्याला असा हात लागला तो घाट चढून कोल्हापूरला गेल्यावर. मध्ये अख्खा पावसाळा गेला होता. जांभ्याच्या पायऱ्या उतरताना, शेताच्या मेरेवरून चालताना गुडघा सटकायचा, आणि दर सटकण्यात हाडांमधली गादी आणखी फाटत होती. वेळेत सापडली तर ती कित्येकदा शिवता येते. माझ्या गादीचा तुकडा कापून टाकावा लागला.

नवं लिगामेंट बसवायचं ऑपरेशन मुंबईत झालं, दुर्बिणीने. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, डॉक्टरांनी काम चोख केलं. हे पत्र त्याच्या पुढच्या महिन्यांसाठी आहे.

साहेब, एसीएलचं ऑपरेशन हे निम्मंच काम असतं. मांडीचा स्नायू बघता बघता सुकतो. गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर माणूस कायमचा लंगडतो. मैदानावर परतायला निदान नऊ महिने लागतात, आणि त्या आधी घाई केली तर नवं लिगामेंटही जाऊ शकतं. हे सगळे महिने कोणीतरी जाणकाराने पाय हातात घेऊन बघायचा असतो. मला मिळाला तो व्यायामाच्या चित्रांचा एक कागद. टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी घेऊन मी कोब्यावर पाय सरकवत बसायचो. पाय सरळ ठेवला की गुडघ्याखालून बोट जातं का, हे आई बघायची. जायचं. ते जायला नको होतं, हे आम्हाला सांगणारं गावात कोणी नव्हतं. आज गुडघा पूर्ण सरळ होत नाही. कबड्डी राहू द्या, हंगामात आंब्याच्या झाडावर चढून घळ, म्हणजे आंबे काढायची जाळीची काठी, चालवणंही बंद झालं, आणि आमच्या घराचं पोट त्यावर आहे.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, हे मान्य. पण त्यात डिस्चार्जनंतरची तपासणी आणि औषधं १० दिवसांपर्यंतच. गुडघ्याचं खरं काम अकराव्या दिवशी सुरू होतं. गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जावं तर २०१८ पासून तिथे गोव्याबाहेरच्यांना पैसे पडतात, आणि व्यायामासाठी दर आठवड्याला पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडणं कोणाला परवडणार?

सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत. पोरं त्या आशेवर खेळतात. थंडीत रात्री मॅटवर दव साचतं, ते फडक्याने पुसत सामने चालतात. पोर जिंकलं की बॅनर लागतात, पडलं की वर्गणी. मुलींचं तर विचारू नका. हे लिगामेंट मुलींमध्ये जास्त फाटतं, आणि ‘आता घरी बस’ म्हणायला लोकांना निमित्तच हवं असतं.

दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात २०१० पासून क्रीडा दुखापतींचं स्वतंत्र केंद्र आहे. तसं मी मागत नाही. इमारतीचं भूमिपूजन झालं की आमच्याकडे पुढची दहा वर्षं फक्त पाटी दिसते. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, २०२१-२२ च्या सत्रापासून आणि रत्नागिरीला २०२३-२४ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. वैद्यकीय शिक्षण खातं वेगळं असलं तरी मंत्रालय एकच आहे ना? तिथे आठवड्यातून एक दिवस खेळाडूंची ओपीडी लावा. आणि कणकवली, सावंतवाडीच्या उपजिल्हा रुग्णालयांत ठरलेल्या वारी फिजिओथेरपिस्ट बसवा, एसटीने येऊन संध्याकाळच्या आत घरी पोचता येईल अशा वेळेला.

दिवाळीनंतर मंडळांचे सामने सुरू होतील. त्याआधी वार आणि वेळ कळवावी, म्हणजे सामन्यांच्या पत्रिकेवर बक्षिसांच्या रकमेखाली तीही छापून घेऊ.

आपला,
एक चढाईपटू
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग