इंग्रजी शब्द घोकण्याऐवजी फोडून शिकवावेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सेमी-इंग्रजीच्या वर्गांना विज्ञान शिकवण्यात माझी नोकरी गेली. त्या अनुभवावरून सांगते, तिथली मुले बहुतेक वेळा अडतात ती शब्दापाशी. ‘फोटोसिंथेसिस’चे स्पेलिंग तुकडे पाडून पाठ केले जाते, पण ते तुकडे फक्त परीक्षेपुरते असतात, अर्थाशी त्यांचा संबंध नसतो. वास्तविक याच शब्दाचे मराठी रूप, ‘प्रकाशसंश्लेषण’, मूळ ग्रीक घटकांना समोर ठेवूनच बेतलेले आहे: ‘फोटो’ म्हणजे प्रकाश, ‘सिन’ म्हणजे ‘सं’, आणि ‘थेसिस’ म्हणजे मांडणे, जुळवणे. ‘ट्रिगोनोमेट्री’ आणि ‘त्रिकोणमिती’ हे शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहिले, तर काही समजावून सांगण्याचीही गरज उरत नाही.

इंग्रजी शब्दकोशातील निम्म्याहून अधिक शब्द लॅटिन आणि ग्रीकमधून, पुष्कळदा फ्रेंचच्या वाटेने, आलेले आहेत आणि शास्त्रीय परिभाषेत तर त्यांचेच राज्य आहे. आपल्या मुलांच्या दृष्टीने जमेची बाजू अशी, की या दोन्ही भाषांचे संस्कृतशी नाते आहे. ‘पेरिकार्डायटिस’ हा शब्द पाहून दहावीचा विद्यार्थी दचकतो. पण ‘पेरि’ म्हणजे आपला ‘परि’, ‘कार्ड’ आणि ‘हृद्’ एकाच मुळाचे, आणि ‘आयटिस’ म्हणजे दाह किंवा शोथ, एवढे सांगितले की हृदयाभोवतीच्या आवरणाचा दाह हा अर्थ तो स्वतःच लावतो. घरात ज्याच्या-त्याच्या तोंडी असलेले टॉन्सिलायटिस, आर्थ्रायटिस हे शब्दही मग आपोआप उलगडतात. (या नात्यावरून ‘इंग्रजी संस्कृतमधूनच निघाली’ असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. इंग्रज भाषाभ्यासक सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात मांडले ते असे, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एकाच, कदाचित आज अस्तित्वात नसलेल्या, भाषेत असावा. शिक्षकांनी तरी हा फरक पाळावा.)

संस्कृत घेतलेल्या मुलांना ही पद्धत नवी वाटणार नाही. ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते’ हा श्लोक पाठ करताना एकाच ‘हृ’ धातूचे प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार कसे होतात, हे त्यांनी पाहिलेले असते. लॅटिनमधील ‘वाहून नेणे’ या अर्थाच्या ‘पोर्ट’चे इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट असेच होतात. तो श्लोक एक इशाराही देतो: उपसर्ग धातूचा अर्थ बळेच दुसरीकडे नेतो. त्यामुळे ‘रिपोर्ट’ किंवा ‘सपोर्ट’ यांच्या घटकांची नुसती बेरीज करून आजचा अर्थ हाती लागत नाही.

या पद्धतीच्या मर्यादा लपवू नयेत, उलट त्या शिकवाव्यात. ‘पेडल’मधील ‘पेड’ लॅटिन, म्हणजे पाय. ‘पीडियाट्रिक्स’मधील ग्रीक, म्हणजे मूल. गावोगावच्या दवाखान्यांवर ‘ऑर्थोपेडिक’ अशी पाटी असते आणि हाडांचे डॉक्टर म्हणून तिथला ‘पेड’ पायाचाच असणार, असे हुशार मुलेही ठामपणे सांगतात. प्रत्यक्षात निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने १७४१ मध्ये हा शब्द घडवला तो ‘सरळ’ आणि ‘मूल’ या ग्रीक शब्दांवरून, कारण त्याचा विषय मुलांच्या शरीरातील व्यंगे सरळ करणे हा होता. ‘ऑक्सिजन’चा धात्वर्थ ‘आम्लजनक’. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएच्या समजुतीतून ते नाव पडले. ती समजूत चुकीची ठरली. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतोच. नाव मात्र टिकले. रसायनशास्त्राच्या तासाला ही हकिगत सांगितली, तर शब्दही लक्षात राहतो आणि विज्ञान कसे पुढे सरकते तेही कळते.

माझी खरी भीती वेगळी आहे. मुळांच्या लांबलचक याद्या छापून ‘रोज दहा रूट्स पाठ करा’ असे सांगणारे वर्ग आणि पुस्तिका बाजारात आहेतच. शाळांनीही तेच केले, तर एक घोकंपट्टी जाऊन दुसरी येईल. तीस-चाळीस मुळे पुरेशी आहेत आणि तीही पाठ्यपुस्तकात शब्द समोर येईल तेव्हाच सांगावीत. त्यासाठी वेगळा तास नको. विज्ञान, संस्कृत आणि मराठीच्या शिक्षकांनी सत्राच्या सुरुवातीला एकत्र बसून शब्द निवडले तरी भागेल. संस्कृत न घेतलेल्या मुलांचेही अडणार नाही, कारण भूमिती, सूक्ष्मदर्शी, तापमापी हे शब्द त्यांच्या मराठीतच आहेत.

मराठी माध्यमाच्या विज्ञानाच्या पुस्तकात मराठी संज्ञेशेजारी कंसात इंग्रजी संज्ञा दिलेली असते. बालभारतीने सेमी-इंग्रजीच्या मुलांसाठी इंग्रजी पुस्तकातही प्रत्येक पाठाच्या शेवटी चार-पाच प्रमुख संज्ञांची फोड आणि त्यांचे मराठी प्रतिशब्द द्यावेत, अशी आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे. त्याला अर्ध्या पानापेक्षा जास्त जागा लागणार नाही.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सातारा