बेटांचं धोरण कोण ठरवतं?

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

प्रबंधाचा आराखडा वाचला. छोट्या बेटदेशांनी मोजकेच, पण सढळ खर्च करणारे पर्यटक बोलवावेत, हा तुझा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. असं धोरण कागदावर आणता येतं. ते टिकवणं त्या देशाच्या हातात कितपत असतं?

प्रशांत महासागरातल्या पलाऊचंच बघ. लोकसंख्या जेमतेम १८ हजार. २०१५च्या सुमारास चीनमधून चार्टर विमानं भरभरून येऊ लागली, तेव्हा सरकारनं आपणहून ती निम्म्यावर आणली. एवढ्याशा देशानं हे धाडस केलं, याचं मला फार कौतुक आहे. पण पलाऊचे राजनैतिक संबंध चीनशी नाहीत, तैवानशी आहेत, म्हणून २०१७ अखेर चीननंच तिथल्या सहली बंद पाडल्या आणि हॉटेलं ओस पडली. गर्दी कमी करायचीच होती, मग बिघडलं काय, असं तू विचारशील. किती आणि कधी कमी करायची हे दुसऱ्याच देशानं ठरवलं, हे बिघडलं. पुढे तिकिटातच १०० डॉलरचं पर्यावरण शुल्क आलं. निसर्ग जपायला त्यातून पैसा मिळतो, पण पाहुणे आले तरच. २०२० मध्ये महासाथीनं तेच थांबले.

मालदीवचा पेच घरातला आहे. १९७२ पासून रिसॉर्ट निर्जन बेटांवर आणि गावं वेगळ्या बेटांवर, अशी विभागणी होती. देश मुस्लिम, तेव्हा दारूचा, पाहुण्यांच्या कपड्यांचा प्रश्न त्यामुळे गावापासून लांब राहिला, आणि कमाईही. २००९ नंतर गावांत गेस्टहाउसना परवानगी मिळाली, तेव्हा कुठे साध्या कुटुंबांना धंदा करता आला. आता अशा बेटांवर किनाऱ्याचा एक तुकडा आडोसा करून बिकिनीसाठी राखलेला असतो. तो आडोसा कुठवर न्यायचा, उरलेल्या वाळूत गावच्या मुलींनी मोकळेपणानं खेळायचं कुठे, वाढलेला कचरा कोणत्या बोटीनं न्यायचा, हे सगळं तिथल्या चारदोन माणसांना ठरवावं लागतं. तुझ्या आराखड्यात मंत्रालय आहे, ही माणसं कुठेच नाहीत. मला ते खटकलं.

पैशाचंही तसंच. पाहुण्याच्या ताटातलं बहुतेक अन्न, जनरेटरचं डिझेल, कित्येकदा हॉटेलचा मालकसुद्धा बाहेरचा. आलेल्या डॉलरातला देशात किती राहतो, ते आधी शोध. निष्कर्षाचं प्रकरण तोवर बाजूला ठेव. मार्गदर्शकांशी मुदतीचं बोलून घे आणि नवा मसुदा झाला की मला पाठव.

तुझी,
आई